न काढलेली शीर

"परवाच रंधा मारून घेतला की ह्या मेल्या दाराला! आन् आज बघा, परत अडलं!"

स्वयंपाकघराच्या दारामागून संयोगितावहिनींचा आवाज आला. मागोमाग खांद्याचा एक धक्का, बांगड्यांचा खळखळाट, आणि दार करकरत उघडलं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या त्या पुटपुटतच, "सुताराला हात न्हाईत, नुसती जीभ हाय."

राजमती त्या दारापासून हातभर अंतरावर, घोडीवर टाकलेल्या फळीवर उभी होती. तिलाही त्या सुताराचा राग होता, पण वेगळ्या कारणानं. दार साधं प्लायवूडचं. त्यावर तिनं दोन दिवस खपून सागवान उतरवलं होतं. आधी पिवळट अस्तर, मग तपकिरी हात, मग रबराच्या फणीनं ओढलेल्या रेघा आणि मध्येच दोन गाठी. गाठी तर अशा जमल्या होत्या की वहिनींच्या नवऱ्यानं, घरमालक अमरसिंहदादांनी, नखानं टोकरून पाहिलं होतं. आणि त्या सुतारानं रंधा मारून कडेचं बोटभर सागवान उडवून टाकलं, आतलं पांढरंफटक प्लाय उघडं पाडलं.

"वहिनी, आता परत रंधा नको हं," ती वरून म्हणाली. "माझ्या झाडाची साल निघाली सगळी."

"तुमचं झाड ऱ्हाऊ दे ताई. रविवारी माझ्या हातात औक्षणाचं ताट असणार. तवा दाराला लाथ मारू व्हय मी?"

रविवारी या घरातल्या एकुलत्या एका लेकीचा, क्रांतीचा, साखरपुडा होता. घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, रस्त्याला लागून. खाली शेजारी शेजारी दोन दुकानगाळे, वर हे बिऱ्हाड. अमरसिंहदादांनी ठरवलं होतं, कार्यालय नको, घरच्या हॉलमध्येच करायचं. "माझ्या बापानं बांधलेल्या घरात माझ्या पोरीचा साखरपुडा हुईल," असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे. सत्तर-ऐंशी माणसं येणार होती. आणि फोटोला मागं काय, तर राजमतीची भिंत. बारा फूट रुंद, जमिनीपासून छतापर्यंत पांढरा संगमरवर. खरं तर विटा, चुना आणि रंग.

राजमतीचं वय अठ्ठेचाळीस. माहेर शिरोळकडचं, राहायला कळंब्याला. हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. मुलं शिकायला बाहेर गेल्यावर रिकाम्या दुपारी तिनं मोबाइलवर बघून बघून घरातलं लोखंडी कपाट आधी लाकडाचं केलं, मग तांब्याचं केलं, आणि नवऱ्यानं हात जोडल्यावर परत हिरवं केलं. तिथून सुरुवात. आता लोक तिच्याकडून नवी कपाटं जुनी करून घेत आणि जुन्या भिंती नव्या. दोन्हीत लबाडी सारखीच, पण कुणाला न दुखवणारी, असं ती हसत सांगायची. निदान या सोमवारपर्यंत सांगायची.

तिच्या जोडीला पिराजीमामा. साठी उलटलेला गडी, सगळा जन्म भिंतींना लांबी, म्हणजे पुट्टी, भरण्यात गेलेला. भिंत तासून, भरून, घासून काचेसारखी करायची ती त्यानं. वरचं सोंग हिनं.

संगमरवराचं सगळं सोंग शिरांत असतं. त्या ब्रशनं ओढल्या तर नकाशातल्या नद्या दिसतात, म्हणून राजमती मोराचं गळून पडलेलं पीस वापरायची. पीस राखाडी रंगात बुडवायचं, हात सैल सोडायचा, आणि मनगटाला जरासं कापू द्यायचं. शीर कुठून निघते, कुठं फाटा फोडते, कुठं विरून जाते, याचा तिला नादच होता. एखादी भिंत पुरी झाली की तिच्यावरची एकूण एक शीर तिला पाठ असायची, आईला पोराच्या अंगावरचे तीळ असतात तशी.

या भिंतीला मात्र आधीपासून एक भेग होती. स्वयंपाकघराच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली, तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढलेली. पिराजीमामानं तिच्यात दोनदा लांबी भरली, दोनदा ती उकलली. तिसऱ्यांदा तो लांबीचा पत्रा उचलायला लागला तेव्हा राजमतीलाच सुचलं. "मामा, थांबा. दादा, भेग बुजवायची कशाला? शीर करून टाकू तिची. मोठी, सोनेरी. सगळ्यांची नजर तिच्यावरच जाईल आणि कुणालाच दिसायची न्हाय."

अमरसिंहदादा क्षणभर तिच्याकडं बघतच राहिले होते. मग म्हणाले, "वा! ह्याला म्हणत्यात डोस्कं!" आणि दोघांसाठी मिसळ मागवली, वर जास्तीचा कट. माणूस कलेचा किती चाहता, असं राजमतीला तेव्हा वाटलं होतं. एवढी सुटका झाल्यासारखा चेहरा का, हे तिनं तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

सोमवारी तिनं त्या शिरेवर वर्ख चढवला. मिठाईवरचा नव्हे, पितळेचा. दिसायला सोनं आणि श्वासानं उडेल इतका पातळ. चिकट अस्तरावर टेकवायचा, मऊ ब्रशनं थोपटायचा, वरून वॉर्निशचा हात. मंगळवारी सकाळी येऊन पाहते तर वर्ख फाटलेला. शिरेच्या बरोबर मधोमध, वरपासून खालपर्यंत केसासारखी काळी रेघ.

"पाल फिरली असंल," पिराजीमामा म्हणाला.

"पाल इतकी नेमकी रेघेवरनं चालते?"

"कोल्हापूरची हाय. कशी बी चालंल."

ती हसली. वर्ख पुन्हा चढवला. बुधवारी तो पुन्हा फाटला होता, आणि आता त्या फटीत नख जात होतं.

तेवढंच असतं तर तिनं स्वतःच्या वॉर्निशला दोष दिला असता. पण फळीवर उभं राहून तिनं मान वर केली, आणि छताच्या कडेला तिला आणखी एक शीर दिसली. बारीक, राखाडी, टोकाला दोन फाटे फुटलेली. इतकी सहज, इतकी खरी, की पहिल्यांदा तिच्या पोटात चक्क असूया उठली. असं आपल्याला का जमत नाही? मग तिनं आपल्या शिरा डावीकडून मोजल्या. सतरा. वरची ती धरून पुन्हा मोजल्या. अठरा.

ही तिनं काढलेली नव्हती.

"मामा," ती हळूच म्हणाली, "जरा वर या."

पिराजीमामा वर चढला. त्यानं ती शीर पाहिली. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यानं भिंतीवर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि खाली उतरून आपली हत्यारं पुसायला बसला.

"काय झालं?"

"काय न्हाय."

आणि तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. टिक्. तव्यावर ज्वारीचा एक दाणा फुटावा तेवढाच.

राजमती फळीवर एक पाऊल मागं सरली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. दोन हजार पाचच्या पुरात ती माहेरी होती. पाणी घरात होतं तोवर गोठ्याची भिंत शहाण्यासारखी उभी राहिली. पाणी ओसरलं, ऊन पडलं, सगळे म्हणाले वाचलो. तिसऱ्या दिवशी दुपारी ती भिंत टिक् टिक् करायला लागली. आई म्हणाली, वाळतीय. थोड्या वेळानं भिंत म्हशीवर पडली. दावणीला बांधलेली म्हैस. राजमतीनं भाकरीचा तुकडा घेऊन गोठ्याकडं पाऊल टाकलं होतं, आणि चप्पल सापडेना म्हणून ती उंबऱ्याशी थांबली होती. त्या चपलेवर ती आजही जगत होती.

दुपारी अमरसिंहदादा जेवायला आले तेव्हा तिनं धीर केला. "दादा, भिंत एकदा इंजिनियरला दाखवा की. मला बरं लक्षण दिसंना."

"अवो ताई, नवी लांबी, नवा रंग. वाळताना ताण बसणारच. तुमीच म्हणलासा की मागं." दादा हसले. हसताना त्यांचं तोंड खिडकीकडं होतं. बारा फुटांच्या भिंतीकडं न बघता त्या हॉलमध्ये उभं राहणं सोपं नव्हतं, त्यासाठी मुद्दाम वळून उभं राहावं लागे. दादा गेले तीन दिवस तसेच उभे राहत होते. "आन् हे बघा, क्रांतीच्या म्होरं असलं काय काढू नका. शुभकार्याचं घर हाय. चार दिवस चांगलं बोलावं."

चार दिवस चांगलं बोलावं. या घरात सगळेच चांगलं बोलत होते. गुरुवारी वहिनी हॉलमध्ये बसून रव्याचे लाडू वळत होत्या. एक लाडू परातीतून निसटला आणि फरशीवरून गडगडत निघाला. कुठं अडला नाही, वळला नाही, सरळ भिंतीच्या पायथ्याशी जाऊन थांबला. दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या.

"गोल हाय म्हटल्यावर गडगडणारच," वहिनी म्हणाल्या. त्यांनी लाडू उचलला, फुंकला आणि परातीत न ठेवता वेगळा ठेवला.

राजमती फळीवरून उतरून त्यांच्याजवळ बसली. "वहिनी, दार कशानं अडतंय?"

"थंडीनं फुगलंय."

"थंडीत लाकूड आकसतंय, वहिनी."

वहिनींचे हात थांबले. मग पुन्हा वळायला लागले, जरा जोरातच. "ताई, तीन दिवस. नुस्ता रविवार जाऊ द्या. पोरीचं एक ठरलेलं मागच्या वर्षी मोडलं. लोक काय काय बोलली, मी कानानं ऐकलंय. आता परत ह्या घरातनं काय अभद्र निघालं तर तिला कोण विचारणार? रविवार झाला की मी स्वतः ह्यांच्या मागं लागते. तुमच्या गळ्याशप्पथ."

तुमच्या गळ्याशप्पथ. राजमतीनं नकळत स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. म्हणजे वहिनींना ठाऊक होतं. किती, ते कळत नव्हतं, पण ठाऊक होतं. आणि राजमती काय म्हणाली? "लाडू छान झाल्यात," असं म्हणाली.

शुक्रवारी पिराजीमामा वर आलाच नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून होता, डोक्यावरची टोपी मांडीवर.

"मामा, चला की."

"गुडघा धरलाय."

"काल तर घोडीवर उड्या मारत होतासा."

मामानं चहा बशीत ओतला आणि पिईनाच. मग टपरीवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "राजाक्का, माझ्या पोराला ह्या दादांनी कामाला चिकटवलंय. मी काय बोलणार न्हाय. पण तुमी एकदा खालच्या गाळ्यात डोकावून या. नुस्तं बघून या."

खालचं शटर अर्धवट ओढलेलं होतं. राजमती वाकून आत गेली. आत दिवे लावलेले, धूळ, आणि शिडीवर कृष्णात नावाचा छताचं काम करणारा माणूस पांढऱ्या पत्र्यांना स्क्रू मारत होता. तिला आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच इमारतीत आलो. दोन गाळे होते ना इथं? आता एकच मोठं दुकान होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं. मधली भिंत नव्हती. जमिनीवर नुसती तिची खूण होती, विटांच्या रुंदीची, ताज्या सिमेंटनं बुजवलेली. वर एक लोखंडी तुळई आडवी गेलेली आणि तिच्याखाली चार टेकू.

तिनं दारापासून त्या खुणेपर्यंत पावलं मोजली. वरच्या मजल्यावर हॉलच्या दारापासून भिंतीपर्यंत जेवढी लागायची तेवढीच. मग मान वर केली. तिची भिंत बरोबर डोक्यावर होती. खाली काही नसलेली.

"हे टेकू ऱ्हाणार न्हवं?" तिनं विचारलं.

"उद्या काढणार की. टेकू ठेवलं तर माझं सिलिंग कसं बसणार?" कृष्णात खाली बघत म्हणाला. "कुठल्यातरी कंपनीचं शोरूम हुणार हाय हितं. रविवारच्या आत पायजे म्हणलेत दादा, खाली पावण्यांचा नाष्टा मांडायचाय."

"आन् वरचं वजन?"

"ते आमच्याकडं न्हाय, अक्का. आमचं काम झाकायचं."

ती तशीच वाकून बाहेर आली. उन्हात चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण अजून वाकूनच चाललोय. भीतीनं की लाजेनं, हे तिला सांगता आलं नसतं. आमचं काम झाकायचं. इतकी वर्षं ती हेच सांगत आली होती, फक्त जरा गोड शब्दांत.

आता वर जायचं आणि सांगायचं, असं ठरवून ती जिना चढली. प्रत्येक पायरीवर वाक्य तयार करत गेली. दादा घरात नव्हते. हॉलमध्ये क्रांती एकटीच, साखरपुड्याची हिरवी साडी खांद्यावर टाकून भिंतीपुढं उभी, हातात मोबाइल धरून स्वतःचा फोटो काढत होती.

"मावशी, हितं उभी ऱ्हाऊ का ह्या मोठ्या शिरेजवळ?" तिनं विचारलं. मग मान वर करून त्या अठराव्या शिरेकडं बोट दाखवलं. "ती वरची तर लई भारी आलीय. कधी काढलासा?"

राजमतीनं तोंड उघडलं. जिन्यावर जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. पोरगी हसत होती. वर्षभरानं हसत असणार.

"केस मोकळं सोड," राजमती म्हणाली. "छान दिसशील."

घरी तिनं नवऱ्याला, पारसला, सगळं सांगितलं. तो बँकेत कारकून, घाबरायचं झालं तरी अर्ज करून घाबरणारा. "तू इंजिनियर हाईस? टेकू काढले आणि काहीच झालं न्हाय तर? भरल्या घरात साखरपुडा मोडला म्हणून पेठेत तुझं नाव निघंल. सोमवारी रीतसर कचेरीत अर्ज देऊ." तो चुकीचं बोलत नव्हता. भिंती पडायला सोमवारची वाट बघत असत्या तर त्याचं अगदी बरोबर होतं.

शनिवारी तिनं शेवटचा वर्ख चढवला. का चढवला, हे तिनं स्वतःलाही विचारलं. काम पुरं करायची सवय म्हणून, आणि दुसरं म्हणजे तिला बघायचं होतं. एवढी नाजूक साक्ष दुसऱ्या कुणाकडं नव्हती. तिच्याकडं तेवढंच होतं, एक चिमूटभर खोटं सोनं, जे या घरात एकटंच खरं बोलत होतं.

रविवारी सकाळी आठला ती आली, "थोडं टचअप हाय" असं सांगून. खालचं शटर सताड उघडं. टेकू गेलेले. पांढरंशुभ्र गुळगुळीत छत, त्यात चांदण्यांसारखे दिवे, आणि त्याखाली ओळीनं खुर्च्या टाकून वीसेक पुरुषमंडळी उप्पीट खात बसलेली. कुणीतरी तिला हाक मारली, "या ताई, नाष्टा करा की!" तिनं हात हलवला. वर साठेक, खाली वीस, आणि मध्ये ती तुळई.

हॉलमध्ये सतरंज्या, झेंडूच्या माळा, अत्तर. कडेला तिनंच जुनं करून दिलेलं नवं कपाट. बायका बसायला लागल्या होत्या. चौरंग भिंतीला लागूनच मांडलेला, फोटोसाठी. राजमती वाट काढत भिंतीपाशी गेली, फुलांची माळ नीट करायचं निमित्त करून. वर्ख फाटलेला होता. आता मध्ये काळी रेघ नव्हती, फट होती. तिनं पिशवीतून लांबीचा पत्रा काढला आणि त्याचं टोक आत सरकवलं. टोक गेलं. मग अर्धं पातं गेलं. मग मूठ भिंतीला टेकली.

तिनं तो बाहेर काढला आणि पदराआड धरून उभी राहिली. बोल, ती स्वतःला म्हणत होती. बोल बाई, बोल. सगळे इतके नटलेले होते.

"पावणं आलं! कोपऱ्यावर गाड्या लागल्या!" जिन्यातून कुणीतरी ओरडलं.

एकदम धांदल उडाली. "ताट आणा, ताट! संयोगिता, अगं निरांजन लावलंस का?" अमरसिंहदादांची आत्या, धोंडुबाई, बसल्या जागेवरून हुकूम सोडत होती. स्वयंपाकघराचं दार एकदा हललं. पुन्हा हललं. उघडलं नाही.

"अडलंय!" आतून वहिनींचा आवाज.

बायका खो खो हसल्या. "वयनी, तुमालाबी सासरी जायचं न्हाय काय?" "ओढू नगा, ढकला!" "न्हाय न्हाय, ओढा!" कुणी म्हणालं, "मागच्या जिन्यानं फिरून या की."

"औक्षणाचं ताट मागच्या दारानं?" धोंडुबाई कडाडली. "मोरीवरनं? डोस्कं ठिकाणावर हाय का?"

"सरा बाजूला," अमरसिंहदादा म्हणाले. डोक्याला फेटा, अंगात नवा कोट. त्यांनी बाही सावरली आणि दाराला खांदा दिला.

पहिला धक्का.

या खेपेला टिक् झालं नाही. उसाच्या वाळल्या पाचटाच्या ढिगावर कुणी पाय द्यावा तशी भिंत आतल्या आत करकरली. क्रांती चौरंगापाशी उभी होती. तिच्या हिरव्या साडीच्या खांद्यावर पांढरी भुकटी पडली. कुणी बघायच्या आत तिनं ती झटकली, एका हातानं, मान न वळवता. रोज सकाळी झटकायची सवय असल्यासारखी.

राजमतीनं ते पाहिलं. पोरीलाही ठाऊक होतं. सगळ्या घराला ठाऊक होतं आणि सगळं घर नटून उभं होतं.

दादांनी पुन्हा खांदा मागं घेतला.

"दादा, धक्का देऊ नका!"

आवाज कुणाचा हे तिला आधी कळलंच नाही. हॉलभर माणसांचे डोळे तिच्याकडं.

"का?" दादांनी विचारलं. अगदी हळू विचारलं.

तिनं पदराआडून पत्रा काढला. तिनं तो सगळ्यांसमोर त्या सोनेरी शिरेत मुठीपर्यंत घातला. "ही शीर न्हाय. भेग हाय. मी लपवली. मीच म्हणाले लपवू या म्हणून, आन् मिसळ खाल्ली त्याच्यावर. ती वरची बारकी तर मी काढलेलीच न्हाय. सोमवारपासनं रोज वर्ख लावतीय, रोज फाटतोय. पाच दिवस मला ठाऊक हाय, आणि मी बोलले न्हाय."

"ताई," दादा म्हणाले. त्यांच्या कपाळावर फेट्याखालून घाम उतरत होता. "शुभकार्यात असलं..."

"वाळतीय ती," धोंडुबाई पुटपुटली, पण तिनं क्रांतीचा हात धरला होता.

जिन्याच्या दारात हालचाल झाली. धुतलेली टोपी घातलेला पिराजीमामा वर आला होता. माणसांतून वाट काढत तो राजमतीच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं भिंतीवर तळहात ठेवला. मग तो अमरसिंहदादांकडं बघत राहिला. खालून पाव्हण्यांच्या हसण्याचा आवाज जिन्यानं वर येत होता.

दादांनी पहिल्यांदाच वळून भिंतीकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलले. शब्द फुटला नाही.

शब्द फुटला तो दारामागून. राजमतीनं काढलेल्या सागवानाच्या पलीकडून, ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि मग संयोगितावहिनी बोलल्या. ओरडून नव्हे. भाजी निवडताना बोलावं तशा, पण शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल असं.

"खालची मधली भिंत ह्यांनी काढलीय. महिना झाला. घर बसाय लागलंय, ते पडणार हाय. मी मागच्या जिन्यानं उतरते. तुमी माझ्या पोरीला घ्या आन् सगळी खाली रस्त्यावर जावा. आत्ताच्या आत्ता."